तिरस्काराचं तिकीट

मायकल बेला नावं ठेवायला अभ्यास लागत नाही. साहित्य महोत्सवात जेवणाच्या रांगेत, विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, भाषांतर कार्यशाळेच्या दुसऱ्या रात्री, कुठेही त्याचं नाव काढून बघा. मल्याळम कवी, बंगाली समीक्षक आणि मराठी कादंबरीकार यांचं ज्या मोजक्या गोष्टींवर एकमत होतं, त्यांतली ही एक. कुणीतरी दोन्ही हातांनी स्फोट करून दाखवतं, तोंडाने आवाज काढतं, सगळे हसतात आणि विषय संपतो. ज्यांनी त्याचा एकही चित्रपट पुरता पाहिलेला नाही ते हसतात. ज्यांनी पाचही ‘ट्रान्सफॉर्मर्स’ पाहिलेत ते जरा जास्तच जोरात हसतात.

या हसण्याचा मला कंटाळा आलाय, आणि कंटाळ्यापेक्षाही संशय जास्त येतो. बे मला आवडतो म्हणून हे लिहीत नाही. त्याचे दोन-तीन चित्रपट मी मजेत पाहिले, बाकीचे कामाचा भाग म्हणून पाहिले, आणि एक असा आहे की ज्याबद्दल पुढे बोलायचंच आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्याच्या तिरस्काराचा जो प्रकार आपल्यात रूढ आहे तो त्याला फार स्वस्तात सोडून देतो. आपण त्याच्यावर करतो त्यांतले बहुतेक आरोप हे आरोप नाहीतच. ती आपल्या अभिरुचीची ओळखपत्रं आहेत, गळ्यात अडकवून फिरण्याची. आणि खरे आरोप करायची वेळ आली की त्याच गुन्ह्यातल्या इतर, अधिक सभ्य मंडळींसाठी आपण टाळ्या वाजवत असतो.

ज्यांचा संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९६५, लॉस एंजेलिस. वेस्लियन विद्यापीठात जनीन बेसिंजर या नामांकित चित्रपट-अभ्यासकांकडे शिकला. मग जाहिराती आणि म्युझिक व्हिडिओ. १९९५ साली ‘बॅड बॉईज’, पुढच्या वर्षी ‘द रॉक’, १९९८ साली ‘आर्मगेडन’, जो त्या वर्षी जगभरात सर्वाधिक कमाई करणारा चित्रपट ठरला. २००१ मध्ये ‘पर्ल हार्बर’. २००७ ते २०१७ या दहा वर्षांत पाच ‘ट्रान्सफॉर्मर्स’, ज्यांतल्या तिसऱ्या आणि चौथ्याने प्रत्येकी शंभर कोटी डॉलरांच्या वर गल्ला जमवला. दुसऱ्याला त्या वर्षीचा सर्वांत वाईट चित्रपट म्हणून रॅझी पुरस्कार मिळाला, वाईट दिग्दर्शनाचा आणि वाईट पटकथेचाही मिळाला, आणि तरी त्याने ऐंशी कोटी डॉलरांहून जास्त कमावले. हा ‘तरी’ मी सवयीने लिहिला. तिथे ‘म्हणून’ बसत नाही हे कशावरून?

कारण तिरस्कारालाही तिकीट लागतं. ‘किती वाईट आहे ते बघायला’ गेलेला माणूस खिडकीवर तेवढेच पैसे मोजतो. निर्मात्याच्या वहीत उपहासाने आलेल्यांचा वेगळा रकाना नसतो. पहिला भाग पाहून ‘पुन्हा कधीच नाही’ म्हणालेले माझे तीन मित्र पाचव्या भागापर्यंत सोबत होते, आणि दर वेळी बाहेर येताना त्यांचा चेहरा कुळाचार नीट पार पडल्यासारखा समाधानी असायचा. बे हा त्यांच्यासाठी दिग्दर्शक राहिलेलाच नव्हता. होळीला जसं बोंब मारायला निमित्त लागतं, तसं ते निमित्त होतं.

आता या आरोपांकडे एकेक करून बघू. पहिला नेहमीचा: सगळं एकसारखंच असतं. हो, असतं. कॅमेरा जमिनीलगत, नायक खालून वर उठतोय, कॅमेरा त्याच्याभोवती फिरतोय, लांब भिंगामुळे मागचं जग वेगाने सरकतंय, आकाश नारिंगी, आणि कुणीतरी चौकटीबाहेर कशाकडे तरी टक लावून पाहतंय. एक शॉट दोन-तीन सेकंदांच्या पुढे क्वचित टिकतो. ही शैली इतकी त्याची आहे की इंग्रजीत त्याच्या नावावरून ‘बेहेम’ असा शब्दच पडला. टोनी झाऊने २०१४ साली याच शब्दावर एक दृक्-निबंध केला आणि या शॉटचा एकेक टाका उसवून दाखवला. एडगर राइटने ‘हॉट फझ’मध्ये त्याची नक्कल केली ती प्रेमाने. म्हणजे दहा सेकंदांत ओळखू येणारी सही. आम्ही एम. ए.ला असताना तौलनिक साहित्याच्या वर्गात ‘ऑतर’ या कल्पनेवर अख्खं सत्र घालवलं होतं: स्टुडिओच्या कारखान्यातही जो आपली सही उमटवतो तो खरा दिग्दर्शक. हॉक्स, हिचकॉक, हे त्या न्यायाने मोठे ठरले. मग बेच्या बाबतीत तीच सही दोष कशी होते? हॉलिवूडवर बिनचेहऱ्याचा कारखाना म्हणून टीका करायची, आणि कारखान्यात चेहरा असलेला एक सापडला की म्हणायचं, हा चेहरा नको.

दुसरा आरोप: तर्क नाही. इथे ‘आर्मगेडन’चा किस्सा हमखास येतो. बेन ॲफ्लेकने डीव्हीडीवरच्या निवेदनात सांगितलंय की त्याने बेला विचारलं, अंतराळवीरांना ड्रिलिंग शिकवण्यापेक्षा तेलविहिरी खोदणाऱ्यांना अंतराळवीर करणं सोपं कसं? बेने त्याला गप्प बसायला सांगितलं. किस्सा फर्मास आहे. पण हा किस्सा सांगून हसणारी मंडळी ‘अमर अकबर अँथनी’मधल्या तीन मुलांचं रक्त एकाच वेळी आईच्या बाटलीत चढतं, त्यावर हसत नाहीत. आता नाही हसत. १९७७ मध्ये हसत होती. मनमोहन देसाईंचे त्या एका वर्षात चार चित्रपट आले: ‘धरम वीर’, ‘चाचा भतीजा’, ‘परवरिश’ आणि हा. सुशिक्षित घरांत तेव्हा त्यांचं नाव ज्या सुरात निघायचं तो सूर आजही कानात असलेले वाचक या पानावर असतील. २०१६ साली हार्वर्डच्या प्रकाशनगृहाने त्या एका चित्रपटावर पुस्तक काढलं. तीन लेखकांपैकी एक ख्रिश्चन नोव्हेट्झकी, संत नामदेवांवर ग्रंथ लिहिलेले. रक्त अजूनही गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्धच चढतंय. फक्त चाळीस वर्षं मधे गेली आणि त्या चित्रपटाचा प्रेक्षक आपल्याला आता लाज आणत नाही.

बाबुराव अर्नाळकरांचंही तेच. हजारावर रहस्यकथा लिहिणारा हा माणूस मराठी घराघरांत वाचला गेला, पण उशीखाली ठेवून. आज त्यांच्यावर हळुवार लेख येतात. मेलेल्या लोकप्रियतेवर प्रेम करायला आपल्याला जमतं. जिवंत असली की अंगावर येते.

तिसरा आरोप गोंगाटाचा. याबद्दल भाषांतरकार म्हणून मला काही सांगता येईल, कारण माझं पोट काही अंशी गोंगाटावर चालतं. मी हैदराबादला राहते, कन्नड आणि इंग्रजीतून मराठीत कविता-कादंबऱ्या आणते, आणि घरभाडं देण्यासाठी इंग्रजी मारधाडपटांच्या हिंदी डबिंगच्या संहिता लिहिते. बेच्या कुठल्या चित्रपटाचं काम माझ्याकडे आलेलं नाही, पण त्याच जातकुळीतल्या दहा-बारा चित्रपटांचं आलंय. या संहितांत निम्मी वाक्यं आज्ञार्थी असतात. चला. पळा. खाली वाका. आता, लगेच. इंग्रजीत ते एकच क्रियापद सगळ्यांना चालतं. हिंदीत ‘चल’, ‘चलो’ की ‘चलिए’ हे ठरवायला कोण कुणाच्या वर आहे ते माहीत असावं लागतं, आणि गंमत अशी की या चित्रपटांत ते ठरवायला मला कधीच अडखळावं लागत नाही. गोंगाटाखाली उतरंड लख्ख असते. सैनिक, त्याचा अधिकारी, मेकॅनिक, बाप, मुलगी, आणि मंत्रालयातून आलेला सुटातला बावळट. चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या कादंबरीत मी ‘तू’ आणि ‘तुम्ही’वर दोन दिवस घालवते.

तेव्हा गोंगाट हा गोंधळ नाही. बेची अडचण वेगळी आहे, आणि तिच्यासाठी आपल्याकडे फार जुने शब्द आहेत. भरताने स्थायीभाव आठ सांगितले आणि संचारी तेहतीस. स्थायी टिकतो तो या येणाऱ्या-जाणाऱ्या तेहतिसांच्या जोरावर: शंका, आळस, लाज, चिंता, हुरहुर. बेला उत्साह कळतो, विस्मय कळतो, रती त्याच्या परीने कळते. संचारी त्याला एकही कळत नाही. त्याच्या चित्रपटात कुणी आळसावत नाही, कुणाला दोन शॉटपुरतीही शंका येत नाही. ‘पर्ल हार्बर’ तीन तासांचा होऊनही प्रेमत्रिकोण उभा राहत नाही त्याचं कारण हे. प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह असलेलं ते गद्य आहे. रॉजर ईबर्टने ‘आर्मगेडन’ला दीडशे मिनिटांचा ट्रेलर म्हटलं तेव्हा त्याने हेच चपखल पकडलं होतं. ही समीक्षा झाली. तोंडाने स्फोटाचा आवाज काढणं ही समीक्षा नव्हे.

पण मग एवढा द्वेष का? संचारी भाव नसलेले दिग्दर्शक पैशाला पासरी आहेत. त्यांची नावंही आपल्याला माहीत नसतात.

मला वाटतं त्याला माफी नाही ती एका गोष्टीसाठी: तो डोळा मारत नाही. गेल्या पंधरा वर्षांतले सुपरहिरोंचे चित्रपट पाहा. कुणी गहिवरलं की लगेच दुसरा एक टोमणा मारतो. जग वाचतं, आणि वाचवणारा स्वतःच्या पोशाखावर विनोद करतो. प्रेक्षकातल्या शहाण्या माणसाला दिलेली ती सवलत असते: तुला आणि मला ठाऊक आहे की हे सगळं पोरकट आहे. ही सवलत मिळाली की शहाणा माणूस निर्धास्तपणे पोरकट गोष्ट बघतो. बेच्या पात्रांच्या तोंडीही विनोद असतात, भरपूर आणि बरेचसे ओंगळ, पण चित्रपट स्वतःवर कधी हसत नाही. झेंडा फडकतो तो खराच फडकतो. मुलगा बापासाठी रडतो तेव्हा कॅमेरा लाजून बाजूला होत नाही. त्यामुळे बेसमोर बसलेल्या शहाण्याला लपायला जागा उरत नाही. एक तर भारावून जा, नाहीतर उठून जा. त्याने तिसरा मार्ग स्वतः तयार केला, तो बसून हसण्याचा.

आणि हे हसू पडद्यावर पोचत नाही. ते शेजारच्या खुर्चीवर पडतं. तिसरा ‘ट्रान्सफॉर्मर्स’ मी इथल्या एका एकपडदा चित्रपटगृहात तेलुगूत पाहिला. शिकागो कोसळत होतं आणि पुढच्या रांगांत शिट्ट्या वाजत होत्या. मागे बाल्कनीत माझ्यासोबत इंग्रजी बोलणारी चार माणसं होती, जी हसत होती, आणि मधूनमधून पुढच्या रांगांकडे बघून हसत होती. बे त्या दिवशी थिएटरात नव्हता. पुढच्या रांगा होत्या.

याची झळ मलाही लागलेली आहे, तेव्हा ते सांगून टाकते. एका अनुवादित कथासंग्रहासाठी परिचय पाठवला होता. संपादकांनी अत्यंत नम्रपणे सुचवलं की डबिंगचा उल्लेख गाळावा, ‘पुस्तकाच्या प्रकृतीला’ तो जुळत नाही. कन्नडमधून भाषांतर करताना मला जो कान उपयोगी पडतो, ओठांच्या हालचालीत बसेल असं वाक्य शोधून शोधून जो तयार झाला, तो कान पुस्तकाला चालला. त्याचा पत्ता चालला नाही.

अभिरुची नसावी, सगळं सारखंच, असं मी म्हणत नाही. मी म्हणतेय की ही अभिरुची नाही, कारण अभिरुचीला सातत्य लागतं. ‘बॅड बॉईज २’ (२००३) मध्ये एक पिवळी हमर क्यूबातल्या डोंगरउतारावरची झोपडवस्ती चिरडत खाली येते. अनेकांना हे दृश्य बेच्या उन्मादाचा कळस वाटतं. ते उघडउघड जॅकी चॅनच्या ‘पोलीस स्टोरी’वरून उचललेलं आहे. १९८५ च्या त्या हाँगकाँगच्या चित्रपटातही मोटारी टेकडीवरच्या झोपड्यांतून घरंगळत येतात, आणि ते दृश्य जागतिक चित्रपटाचा ठेवा म्हणून फिल्म सोसायट्या दाखवतात. दोन्हीकडे घरं गरिबांचीच मोडतात. एकीकडे आपण नृत्यरचना पाहतो, दुसरीकडे माज.

किंवा डेव्हिड फिंचर घ्या. प्रोपगंडा फिल्म्स नावाची कंपनी ज्यांनी काढली त्यांत तो होता. बेनेही जाहिराती आणि व्हिडिओ केले ते तिथेच. एकाच शाळेतले दोघे. दोघांनाही तीस सेकंदांत वस्तू हवीहवीशी करायला शिकवलं गेलं. एकाने ती चकाकी काळोखात बुडवली, तो विचारवंतांचा लाडका झाला. दुसऱ्याने ती उन्हात धरली.

आणि सातत्याचा शेवटचा पुरावा ‘ॲम्ब्युलन्स’. २०२२ साली बेने एका डॅनिश चित्रपटावरून हा बेतला: दोन भाऊ, एक बँकदरोडा, पळवून नेलेली रुग्णवाहिका. ड्रोन कॅमेरे इमारतीवरून कोसळल्यासारखे खाली येतात. सगळं तेच, फक्त लहान अंगाचं. चित्रपट पडला, जगभरात जेमतेम पाच कोटी डॉलर. आणि समीक्षक अचानक मवाळ झाले. जुन्या पद्धतीचा कारागीर, खरे स्टंट, खऱ्या गाड्या, असे शब्द दिसू लागले. इतकी वर्षं ज्या हाताला आपण हातोडा म्हणत होतो तो हात रिकामा झाला तेव्हा कारागिराचा दिसू लागला. द्वेष शैलीचा असता तर तो इथेही टिकला असता. तो गल्ल्याचा होता.

आता माझा खटला.

तिसऱ्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’मध्ये एक धनाढ्य माणूस एका जुन्या सुंदर मोटारीचं वर्णन करतो, तिच्या वळणांचं, तिच्या डौलाचं, आणि कॅमेरा त्या शब्दांबरोबर नायिकेच्या अंगावरून फिरतो. बेच्या सगळ्या कामाची गुरुकिल्ली या अर्ध्या मिनिटात आहे. स्त्री, मोटार, लढाऊ विमान, तिघांनाही एकच भिंग, एकच संध्याकाळचं ऊन. पहिल्या भागात मेगन फॉक्सचं पात्र इंजिन दुरुस्त करू शकतं; गाड्या चोरणाऱ्या बापाकडून ती ते शिकलेली आहे, आणि पटकथेला ते माहीत आहे. ती इंजिनावर वाकते तेव्हा कॅमेऱ्याला इंजिन दिसत नाही. चौथ्या भागात सतरा वर्षांच्या मुलीच्या प्रियकराच्या पाकिटात टेक्ससच्या कायद्याचं कलम छापलेलं कार्ड असतं, वीस वर्षांच्या त्याने तिच्याशी संबंध ठेवणं कसं वैध आहे हे तिच्या बापाला दाखवायला. पटकथेत या कार्डाची काहीही गरज नव्हती. कुणीतरी ते लिहिलं, कुणीतरी ते कार्ड बनवून घेतलं, आणि बेने त्यावर कॅमेरा लावला.

हे जाहिरातवाल्याचं व्याकरण आहे. माणूस आणि वस्तू यांच्यातला फरक पुसणं हे त्याचं काम असतं. आता त्यात लष्कर आणा. अमेरिकेत चित्रपटाला खरी विमानं, तळ, जवान हवे असतील तर संहिता आधी संरक्षण खात्याला दाखवावी लागते. खात्याला रुचेल तसे बदल झाले की दारं उघडतात. बेसाठी ती सताड उघडली. ‘पर्ल हार्बर’चा पहिला खेळ मे २००१ मध्ये हवाईत ‘जॉन सी. स्टेनिस’ या अणुशक्तीवर चालणाऱ्या विमानवाहू युद्धनौकेवर झाला. ‘ट्रान्सफॉर्मर्स’साठी त्याला न्यू मेक्सिकोतला हॉलोमन हवाई तळ मिळाला, एफ-२२ विमानं मिळाली. इराक युद्धाचं ते पाचवं वर्ष. कतारमधल्या वाळवंटात अमेरिकी तळावर हल्ला होतो, शत्रू यंत्रमानव, म्हणजे ज्याच्या बाजूने बोलायला कुणी नाही असा, आणि नारिंगी उन्हात शस्त्रं अशी चमकतात की ती हवीशी वाटावीत. विकत घेता येत नसली तरी भरती होता येतंच.

या आरोपात गोंगाट कुठे आला? या चित्रपटांचा आवाज निम्मा केला तरी आरोप जसाच्या तसा राहतो. उलट आवाज कमी, रंग संयत आणि नायकाच्या चेहऱ्यावर थोडी सुरकुती असेल तर आपण तो आरोप करतच नाही. ‘टॉप गन: मॅव्हरिक’ २०२२ चा. निर्मात्यांत जेरी ब्रुकहायमर, ज्याने बेचे पहिले चारही चित्रपट काढले. नौदलाचं भरघोस साहाय्य. शत्रुराष्ट्राला नावसुद्धा नाही. ऑस्करला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन, आणि माझ्या ओळखीच्या अनेक युद्धविरोधी मंडळींनी डोळे पुसत सांगितलं की काय सिनेमा आहे. ‘झिरो डार्क थर्टी’च्या वेळी सीआयएने चित्रपटकर्त्यांना मदत केली, छळाने माहिती मिळते असा समज त्यातून होतो म्हणून अमेरिकन सिनेटरांनीही आक्षेप घेतला, आपल्याकडच्या महोत्सवी चर्चेत मात्र कॅथरिन बिगेलोचा संयमच वाखाणला गेला. बे आपल्याला इथे उपयोगी पडतो. त्याच्या नावाने नाक मुरडलं की लष्करी चित्रपटाचा निषेध आपण केलेला असतो, आणि मग दुसरा एखादा शांतपणे बघायला मोकळे.

कुणी म्हणेल, दुसऱ्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’मधल्या जुळ्या यंत्रमानवांवर टीका झालीच होती. झाली होती, आणि २००९ मध्ये अमेरिकेतल्या अनेकांनी ती नेमकी केली. स्किड्स आणि मडफ्लॅप: कृष्णवर्णीयांच्या बोलीची टर उडवणारं बोलणं, एकाला सोन्याचा दात, आणि वाचता येत नाही अशी दोघांची कबुली, विनोद म्हणून. ज्या चित्रपटाबद्दल पुढे बोलेन म्हणाले होते तो हा. पण आज त्याचं नाव निघालं तर आपल्याकडे किती जणांना जुळे आठवतात? गीझाच्या पिरॅमिडवर चढलेला अजस्र यंत्रमानव आठवतो, आणि गोंगाट. जुळे त्या हसण्यात विरघळून गेले. सगळंच वाईट म्हटलं की त्यातलं विषारी वेगळं काढावं लागत नाही.

आणि ते विष डब होतं. हे मला कामामुळे ठाऊक आहे. असा विदूषक इंग्रजीतून आला की ‘याला कुठली बोली द्यायची?’ हा प्रश्न बैठकीत पहिल्या दहा मिनिटांत येतो. उत्तरं ठरलेली: बंबइया, बिहारी, नाहीतर हैदराबादी दखनी. तिकडच्या अपमानाला इकडचा पत्ता शोधून द्यायचा, त्याला स्थानिकीकरण म्हणायचं. काही वर्षांपूर्वी एका मारधाडपटात असंच एक पात्र होतं, भित्रं, खादाड, सारखं बडबडणारं. मला सांगण्यात आलं, दखनीत लिहा, तुम्ही हैदराबादच्याच आहात, मजा येईल. ज्या बाईकडून मी दखनी ऐकत शिकले ती माझ्या खालच्या मजल्यावर राहते, आणि तिच्या घरात त्या भाषेत गझलाही म्हणतात आणि वीजबिलावरून भांडणंही होतात. मी कळवलं की हे पात्र नायकासारखीच साधी हिंदी बोलेल आणि विनोद त्याच्या वागण्यातून येईल. तसा मसुदाही पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं की वेळ कमी असल्याने काम दुसऱ्याकडे दिलं आहे.

चित्रपट लागला. विदूषक ‘नक्को’ आणि ‘हौ’ करत होता, थिएटर हसत होतं. मध्यंतरात माझ्यासोबतचे प्राध्यापक मित्र कॉफी घेत म्हणाले, काय हे, नुसते स्फोट.